दोन ठोके, मग एक

३ तारीख, रविवार

ताई,

रेडा टीव्हीवर आला. आपलाच रेडा. म्हणजे आपला कधीच नव्हता, गिऱ्हाइकाचा होता, पण दोन वर्षं आपल्या गॅरेजात उभा होता आणि बाबा आपल्यापेक्षा त्याच्याशी जास्त बोलायचे, तेव्हा आपलाच म्हणायचा. तेच लांबलचक नाक, तेच दोन दरवाजे, तेच आठ सिलिंडरचं इंजिन. चालू केलं की शेजारच्या शिंप्याची कात्री टेबलावरून सरकत सरकत खाली पडायची, आठवतं?

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. मी आजारी नाही, तुरुंगात नाही, मला काही नको आहे. सध्या एका टायरच्या दुकानात आहे. त्याआधी गाद्यांच्या कारखान्यात होतो. त्याआधी फेरीबोटीवर दोर टाकायला. त्याआधी एका माणसाबरोबर विहिरीची जागा शोधत हिंडायचो, तो अनवाणी चालून पाणी सांगायचा आणि त्याला स्वतःला तहान कधी लागायचीच नाही, त्याची गंमत वेगळीच आहे. ते जाऊ दे.

दुकान एका बाईंचं आहे. सगळे मावशी म्हणतात. दुकानासमोर बंद पडलेल्या थिएटरचं आवार आहे आणि दर रविवारी सकाळी तिथे जुन्या गाड्यांचे वेडे जमतात. ऊन चढलं की आमच्याकडे येतात, कारण खुर्च्या आमच्याकडे, चहा आमच्याकडे, भिंतीवरचा टीव्हीही आमच्याकडे. त्यात तिघे पक्के. एक कार्ब्युरेटर काका, निवृत्त, मूळ स्क्रू बदलला तरी सुतक पाळणारे. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, त्यांची स्वतःची जुनी गाडी आहे आणि त्या ती रोज पळवतात. तिसरा मिनीबस चालवतो म्हणून त्याला मिनीबसच म्हणतात.

आज तो कार्यक्रम होता, जुन्या गाडीचा कायापालट करून एका प्रेक्षकाला बक्षीस देतात तो. पडद्यावर गाडीवरचं कापड ओढलं आणि रेडा. माझ्या हातातला कप कुठे ठेवला तेच आठवत नाही. पुढे काय करणार त्याची झलक आधीच दाखवली: रंग पोपटी, सीटा पांढऱ्या, इंजिन काढून आजच्या जमान्याचं नवं.

काका उभेच राहिले. "अहो, हा खून आहे! आजोबांना घट्ट जीन्स घालून नाचवताय!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही काय करणार? डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवणार?"

"ठेवीन! निदान आजोबा ओळखू तरी येतील."

"काका, मोडका दात तोंडात ठेवून चालत नाही. कॅप बसवावीच लागते."

"पोपटी कॅप?"

मिनीबस म्हणाला, "काही म्हणा, एवढ्या काळ्या रेड्याचा अगदी पोपट केला."

मी चमकून त्याच्याकडे बघितलं. रेडा हे नाव बाबांनी ठेवलेलं, ह्याला कुठून कळलं? मग लक्षात आलं, एवढी काळी, एवढी रुंद गाडी, कुणालाही तेच सुचेल.

मग खरी गंमत. त्यांच्या मेकॅनिकने उजव्या दाराचं आतलं अस्तर काढलं आणि पत्र्यावर पांढऱ्या मेणखडूच्या खुणा निघाल्या. आपली हजेरी! हजेरीपुस्तक आपल्याकडे कधी नव्हतंच. त्या दिवशी जो पत्रा उघडा असेल त्याच्या आतून तारखेचा आकडा आणि खाली ज्याची त्याची खूण. बाबांची उभी रेघ, तुझं गोल, माझी शेपटी, मी डावखुरा म्हणून उलटीकडे वळलेली. संध्याकाळी निघताना आपापल्या खुणेवर आडवी काट. पत्रा बंद झाला की हजेरी आत. कागद उंदीर खातात, गाडी कोण खाणार, असं बाबा म्हणायचे.

काकांनी मिनीबसला चित्र तिथेच थांबवायला लावलं. खुर्ची टीव्हीला चिकटवून बघितलं आणि जाहीर केलं, "कारखान्याची तपासणी! सतरा नंबरचं ठाणं, दोन तपासनीस, दोघांच्या सह्या. बघा, ह्याला म्हणतात अस्सल!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कार्यक्रमवाल्यांचंही तेच मत. त्या खुणा म्हणे पारदर्शक तुकड्याखाली जपून ठेवणार आहेत.

मी हसू दाबत बाहेर गेलो. दोन खुणा होत्या, बाबांची रेघ आणि तुझं गोल. कुठल्या महिन्यातली सतरा कोण जाणे.

एवढंच कळवायचं होतं. तू तो कार्यक्रम बघू नकोस. गाडीचं पार वाटोळं केलंय, तुला त्रास होईल.

तुझा भाऊ


६ तारीख, बुधवार

ताई,

उत्तराची वाट बघत नाही, पत्र पोचायलाच तीन दिवस लागतात. पण हात शिवशिवतो आहे. परवा मावशी ओरडल्या, "काउंटर फोडशील! दिवसभर काय ठोकत बसतोस?" मला पत्ताच नव्हता की मी काही ठोकतोय.

मी खरं म्हणजे तुझी बाजू मान्य करायला बसलो आहे. बाबा गेल्यावर दोन दिवसांनी मी परत आलो तेव्हा सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "तू असतास तर बाबा वाचले असते." आणि नंतर माझ्याशी बोलली नाहीस. बरोबरच आहे. मी आदल्या संध्याकाळीच भटकायला निघून गेलो होतो, गॅरेजात बाबा एकटे, जॅक बसला, गाडी खाली आली. मी नव्हतो. नसणं हा माझा धंदाच होता. शाळेत नसायचो, जेवायला नसायचो. आई गेली तेव्हाही मी गच्चीवर पतंग, आता ते उगाळण्यात अर्थ नाही.

माणसाला नसण्याचा दोष अंगावर घेता येतो. जड असतो, पण घेता येतो. तू दिलास तो मी गुपचूप घेतला. तेव्हा तू माझ्याकडे थोडं चमत्कारिक नजरेनं बघितलंस. मी भांडेन असं तुला वाटलं असणार.

तुझी ती वेल्डिंगची परीक्षा तू पुन्हा दिलीस का? त्या दिवशीची तर अर्धवटच राहिली. बाबा सकाळपासून सांगत होते, आमची मुकादम आज पास होणार. आणि त्या दिवशी रस्त्यावरून ट्रेलरवर एक अख्खी बोट गेली बघ. एवढी मोठी, की विजेच्या तारा काठीने वर उचलत दोन माणसं पुढे चालत होती. खालून तिचं पोट लाल रंगवलेलं होतं. तुला कसं दिसणार, तू परीक्षेला. मलाही नंतर कुणीतरी सांगितलं.

पेन गळून शाई सांडलीय, म्हणून पान बदललं.

तुझा भाऊ


१० तारीख, रविवार

ताई,

आज दुसरा भाग होता. तू बघितला नसशील तर फार बरं. बघितला असशील तर तूही ऐकलं असशील, आणि तुझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

रेडा पोपटी झाला. ओळखीचं नाक आणि अनोळखी कातडं. जुन्या इंजिनावर काच टाकून त्यांनी बसायच्या खोलीतलं टेबल केलंय. त्यावर सूत्रसंचालकाने कॉफी ठेवली तेव्हा काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मिनीबस म्हणाला, "काका, तुम्हीही टिकलात तर तुमचं स्टूल करू." कुणी फारसं हसलं नाही.

बक्षीस एका ड्रॉइंगच्या सरांना लागलं. बारीकसा माणूस, गाडीपेक्षा टाळ्यांनाच जास्त भ्यायलेला. त्यांना आत बसवलं, गाडी सुरू केली, फिरवली, बंद केली. टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्या.

आणि त्या शांततेत, ताई, टक टक. थोडं थांबून, टक.

सूत्रसंचालकाने जमिनीकडे बघितलं. अर्धा क्षण. मग दात दाखवत म्हणाला, "खाली कुणी आहे का?" आणि लोक हसले.

मिनीबसने ते चार वेळा मागे नेऊन लावलं. चारही वेळा तसंच. दोन, मग एक.

"टॅपेट," काका म्हणाले. "मी इथे बसून सांगतो, टॅपेट."

"काका, इंजिन बंद आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग गार होतोय. गार होताना पत्रा बोलतो."

"बोलतो, पण मोजून बोलत नाही. आणि मागच्या रविवारी, जुनं इंजिन काढायच्या आधी, गाडी नुसती ढकलत आत आणली तेव्हाही हेच वाजलं होतं. लावा रे तो भाग."

त्यांनी लावला. मागच्या रविवारी मी खुणाच बघत होतो, कानाने काही ऐकलंच नव्हतं. गाडी ढकलत आत आणतात, थांबवतात, आणि तेच. टक टक. टक.

"म्हणजे इंजिनात नाही. गाडीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गाडीत म्हणजे कुठे?"

"ते कुणीतरी खाली शिरल्याशिवाय कसं कळणार?"

काका म्हणाले, अस्सल गाडीला चिरफाड सोसत नाही, ती तक्रार करते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक बोल्ट ढिला आहे आणि तुम्ही त्याची कविता करताय. तासभर चाललं. मी टायरमधली हवा बघत होतो. मावशी म्हणाल्या, "त्या टायरात किती भरतोयस? फुटेल ना!"

बाबा गाडीखाली असले आणि वर मशीन चालू असलं की बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून पान्याने ठोकायचे. एक ठोका म्हणजे झालं. दोन म्हणजे पाना दे. दोन आणि मग एक म्हणजे उचल. जॅक मार, गाडी वर उचल. हे जगात तिघांनाच ठाऊक होतं.

तू हे कधी शिकवलं होतंस का कुणाला? त्या गिऱ्हाइकाला? कुणाला तरी? विचारून ठेवतो.


१४ तारीख, गुरुवार

ताई,

ड्रॉइंगच्या सरांनी जुन्या गाड्यांचे जाणकार म्हणून काकांचा पत्ता शोधून काढला. गाडी त्यांच्या घरासमोर उभी आहे, सकाळी थंडगार असताना वाजते, अजून चालू केलेली नसताना. त्यांची बायको अंगणात यायला तयार नाही. सर येत्या रविवारी गाडी ट्रेलरवर घालून इथे आणणार आहेत. चालवत आणायची त्यांची छाती नाही. दोष सापडला तर ठेवतील, नाही तर कार्यक्रमवाल्यांना परत.

येत्या रविवारी सतरा तारीख आहे. हे कुणी ठरवलं नाही, त्यांचा जमायचा वारच तो.

काल तिघे मुद्दाम दुकानात आले आणि खाली कोण शिरणार ह्यावर वाद झाला. काकांचं पोट आड येतं, मिनीबसची पाठ धरते. मग तिघांनी माझ्याकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "हा जाईल. कामाला बोलावलं की असाही कशाच्या तरी खालीच सापडतो." मी हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

म्हणून आता लिहितो. रविवारच्या आधी हे लिहून व्हायला हवं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की दारावर बाबांची रेघ आणि तुझं गोल होतं. खोटं होतं. गोल नव्हतं. तू परीक्षेला गेली होतीस, गोल कुठून येणार? ती आपली सतरा आहे, बाबा गेले ती. दुसरी खूण शेपटी आहे, उलटीकडे वळलेली, आणि तिच्यावर आडवी काट आहे.

बाबांच्या रेघेवर काट नाही.

मी होतो, ताई. आदल्या संध्याकाळी कुठेही गेलो नव्हतो. सकाळी शिंपी यायच्या आधी आम्ही दार उघडलं होतं, हजेरी लावली होती. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की मी नव्हतो, आणि मी कुठे नव्हतो म्हटलं की लोकांना ते लगेच पटतं.

मला तुझा चेहरा दिसतो आहे. पुढचं आज लिहवत नाही. बाहेर कुणीतरी पंक्चर घेऊन आलंय, ते खरंच आलंय, सबब नाही.


१७ तारीख, रविवार

ताई,

आज सगळं सांगतो. मध्ये कुठे भरकटलो तर मला हाताला धरून परत आण, तू आणायचीस तशी.

गाडी साडेनऊला आली. उन्हात पोपटी रंग डोळ्यांत खुपत होता. मावशींनी स्वतः उभं राहून गाडीखाली आधाराच्या चार लोखंडी घोड्या लावून घेतल्या, प्रत्येकीला लाथ मारून बघितली. "जॅकवर विसंबून कुणी माझ्या आवारात खाली शिरायचं नाही," म्हणाल्या. मला तिथेच रडू येईल असं वाटलं. मी पुठ्ठा टाकला, पाना घेतला आणि खाली सरकलो.

खालून सगळं नवं होतं. काळा गुळगुळीत रंग, बोट लावलं तर चरा उमटेल असा. जुनं असं काही नव्हतंच. पण वास तोच होता. तो कुठून येत होता माहीत नाही. जळकं तेल, आणि बाबा हात धुवायचे तो राखेसारखा साबण.

वर वाद जुंपला होता. काका म्हणत होते, पुन्हा काळी करा, आवाज आपोआप थांबेल. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, काळी करा नाही तर जांभळी, बोल्ट तो बोल्टच. मिनीबस सरांना विचारत होता, बायको घरात येऊ देते का. मला फक्त पाय दिसत होते. काकांचे कॅनव्हासचे बूट, मिनीबसच्या चपला, डॉक्टरीणबाईंच्या सपाट सँडल, सरांचे पॉलिश केलेले काळे बूट, आणि जरा लांब मावशींचे गमबूट.

मी निजून वाट बघत होतो. काही वाजलं नाही. बराच वेळ काही वाजलं नाही. मला वाटलं, संपलं, बरं झालं.

मग वाजलं. टक टक. टक.

वरून नाही आलं. गाडीतून नाही आलं. माझ्या बरगडीला लागून आलं, जिथे पाना धरलेला हात होता तिथून. ताई, मी शपथेवर सांगतो, मी हात हलवला नव्हता. आणि तरी मला खात्रीने सांगता येत नाही.

"ऐकलंत?" काका ओरडले. "ऐकलंत? हाच!"

मी बोलायला गेलो, आवाज फुटेना. छातीवर काही नव्हतं, चारही घोड्या जागेवर होत्या, मी बघितल्या. पण श्वास आत जाईना. तेव्हा मी ठोकलं. ह्या वेळी मीच, नक्की मीच. दोन, मग एक. उचला.

"पुन्हा!" मिनीबस म्हणाला. "मोजून वाजतंय राव."

"मागच्या बाजूला आहे."

"छे, छे, पुढे. लिहून घ्या कुणीतरी."

"सर, मी म्हणालो नव्हतो?"

मी पुन्हा ठोकलं. ते पाय जागचे हलले नाहीत. सगळे ऐकत होते, ताई, अगदी मन लावून ऐकत होते. आवाज कशाचा ह्यावर भांडत होते. आणि पुन्हा ठोकलं. बूट, चपला, सँडल. मला त्या दिवशीचे माझेच पाय दिसले, खालून, बाबांना दिसले असतील तसे.

आता ते ऐक.

बाबांनी रेडा जॅकवर घेतला आणि मला म्हणाले, "घोड्या लाव." मी लावायला निघालो, तेवढ्यात रस्त्यावर ती बोट आली. मी आतूनच ओरडलो, "लावल्या!" आणि बाहेर पळालो. बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी बोटीमागे कोपऱ्यापर्यंत गेलो, तारा उचलणारी माणसं बघत. आपला जॅक हळूहळू बसायचा, तुला माहीत आहे, धपकन कधीच नाही. परत आलो तेव्हा गाडी खाली आली होती आणि बाबांचे पाय बाहेर होते.

मला वाटलं, गेले. मग ठोके आले. दोन, मग एक.

जॅकचा दांडा माझ्या हाताच्या अंतरावर होता. तो धरून मारायचा होता, दहा-बारा वेळा. रोज मारायचो. मी तो धरला नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: ताईला कळणार. माझी नजर उघड्या दारावर गेली आणि मला माझी शेपटी दिसली. मी पंजाने पुसून बघितली, मेणखडू निघत नाही. खडू खिशात होताच, निघताना मारतो तशी हाताने सवयीने तिच्यावर काट मारली. मग मी दाराचं अस्तर लावलं. सात स्क्रू असतात. मी सातही लावले, ताई, नीट, बाबांनी शिकवल्यासारखे, आधी कोपरे आणि मग मधले. चौथ्या स्क्रूपर्यंत ठोके येत होते. पाचव्याला नाही.

मागच्या दाराने गेलो. शिंप्याला बाबा दिसले ते त्यानंतर.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुला सांगितलं, एका क्षणात गेले, त्यांना काही कळलंही नसेल. तू त्यावर सहा वर्षं काढलीस. ते मी आज तुझ्याकडून काढून घेतो आहे, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. ते तुझ्याजवळ राहू द्यावं की काय, ह्यावर मी गुरुवारपासून विचार करतोय. पण मग तू जन्मभर मी नसल्याबद्दल मला बोल लावशील, आणि बाबा जन्मभर एका क्षणात जातील, आणि त्या चार स्क्रूंचा वेळ कुणाचाच राहणार नाही. ते तेवढा वेळ जिवंत होते. तेवढा वेळ ते मला हाक मारत होते. हे एका माणसाला ठाऊक असून पुरत नाही.

बाहेर आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं. आधी खुणांचं सांगितलं, की ती कारखान्याची तपासणी नाही, आमची हजेरी आहे. काकांनी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे दुसरा तपासनीस तू." मी हो म्हणालो. बाकीचं सांगितल्यावर ड्रॉइंगचे सर आपल्या गाडीपासून चार पावलं मागे सरकले. मिनीबसने टोपी काढून हातात धरली. मावशी म्हणाल्या, "आधी बहिणीला कळव. मग ती म्हणेल तिथे जाऊन हेच सांगायचं, पोलिसांकडे म्हणाली तर पोलिसांकडे. तोवर माझ्या नजरेसमोरून हलायचं नाहीस." मी हलणार नाही. पाकिटावर दुकानाचा पत्ता आहे, पहिल्यांदाच लिहिलाय. गाडी आज रात्रभर इथेच थांबेल, सरांनी न्यायला नकार दिला. त्यानंतर ती वाजलेली नाही, पण मी कान देऊन बसलो आहे.

एक सांगायचं राहिलं. मी खाली ठोकत होतो तेव्हा ते वर किती वेळ भांडले, मला कळलं नाही. मग सँडल एकमेकींपासून लांब झाल्या, एक हात जमिनीला टेकला, कण्हल्यासारखा आवाज आला, आणि डॉक्टरीणबाईंचं तोंड उलटं खाली आलं, चष्मा कपाळावर घसरलेला. म्हणाल्या, "तूच वाजवतोयस होय रे? काय हवंय तुला?"

त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. मिनीबसने नंतर सांगितलं, त्यांना खाली बसायला बंदी आहे. तरी त्या वाकल्या.

मी अठरा वर्षांचा होतो, ताई. माझे गुडघे धड होते.